डिकीतला वाटा

"मॅडम, माझ्या गाडीच्या डिकीत मासे कोणी ठेवले?"

फोनवर मुंबईहून सबनीस साहेब होते. मी तेव्हा मालवणात एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. समोर सातबाऱ्याच्या प्रती हव्या असलेले एक गृहस्थ उभे होते, मशीनमध्ये कागद अडकला होता, आणि फोन उचलताना मला वाटलं होतं, साहेब आमचा अर्ज मंजूर झाल्याचं सांगायला फोन करताहेत.

"मासे? कसले मासे?"

"बांगडे आहेत, असं ड्रायव्हर म्हणतो. म्हणजे होते. आता त्यांना काय म्हणायचं ते मला माहीत नाही. काल दुपारपासून डिकीत आहेत आणि आज सकाळी मी गाडी ऑफिसच्या तळघरात लावली. आमच्या वॉचमनला वाटलं, गाडीत कोणीतरी मेलंय."

मला हसायला नको होतं, पण हसले.

"हसू नका," साहेब म्हणाले. "आमच्याकडे याला अर्जदाराने अधिकाऱ्याला दिलेली भेट म्हणतात. वरपर्यंत गेलंय प्रकरण. तुमची फाईल बंद झाली."

गृहस्थ विचारत होते, "बाई, माझ्या झेरॉक्सचं काय?" त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चांगलं दिलं नसणार.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं मोरवेळ गाव मालवणहून एस.टी.ने तासाभरावर. गावाला ना बंदर ना जेटी. एक लांब वाळूची पुळण आणि एक रापण, एवढीच इस्टेट. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि सगळ्या गावाने मिळून ओढायच्या. या जाळ्याचा मालक एक नसतो. प्रत्येक घराचा एक तुकडा, असे तुकडे जोडून आमचं जाळं झालेलं. ज्याचा तुकडा फाटेल त्याने तो शिवायचा. मासळी बाहेर आली की वाळूवर वाटे घालायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, देवीचा वाटा, आणि मग दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा एक. मग तो हात म्हाताऱ्याचा असो, नाहीतर टपाल टाकायला आलेल्या पोस्टमनचा.

हे वाटे घालायचं काम तांडेलाचं. तांडेल म्हणजे होडीचा आणि सगळ्या रापणीचा म्होरक्या. आमचे तांडेल माझे वडील. सगळा गाव त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणायची.

जाळं जुनं झालं होतं. इतकं, की मासळीपेक्षा ठिगळंच जास्त दिसत. मोठ्या यांत्रिक बोटी बाहेरच्या बाहेर मासळी उचलत होत्या, किनाऱ्याला थोडी यायची, तीही फाटक्या जाळ्यातून निम्मी निसटायची. नवीन जाळं घ्यायची ऐपत गावात कुणाची नव्हती. तरणी पोरं रत्नागिरीकडे बोटींवर नोकरीला जायला निघाली होती. शेवटी रापणसंघाने ठरवलं, शिमग्यापर्यंत नव्या जाळ्याची सोय झाली तर ठीक, नाहीतर संघ मोडायचा आणि आपापले तुकडे घरी न्यायचे.

पोरांना बोटीवर पगार मिळाला असता. पण भामाकाकीला कोण पगार देणार होतं? भामाकाकी साठी ओलांडलेली, नवरा समुद्राने नेलेला. ती रोज दोरी ओढायची, आपला वाटा पाटीत घालून बाजारात बसायची आणि त्यावर घर चालवायची. तिच्यासारखी बरीच घरं होती. संघ मोडला की त्यांची चूल थंड.

म्हणून मी मनावर घेतलं. मी बी.ए. झालेली, दुकानात कॉम्प्युटर होता, इंटरनेट होतं आणि अंगात मस्ती होती. देशात कोण कोण देणग्या देतं ते शोधायचं आणि अर्ज ठोकायचा, असा सपाटा लावला. जे बायकांसाठी पैसे देतात त्यांना लिहिलं, आमची रापण म्हणजे महिला सक्षमीकरण. जे पर्यावरणासाठी देतात त्यांना लिहिलं, आमची रापण म्हणजे कासवांचं रक्षण. एका वारसावाल्या संस्थेला तर रापण ही लोककला आहे असंही लिहिलं होतं. ज्याला जी भाजी आवडते ती आमच्या ताटात आहेच, असा सगळा मामला. बहुतेकांनी उत्तरसुद्धा पाठवलं नाही. एक तेवढं मुंबईचं मोठं फाउंडेशन पाघळलं आणि त्याने सबनीस साहेबांना पाहणीला पाठवलं.

साहेब माणूस चांगला. पँट दुमडून वाळूत उभे राहिले, आणि दोरी सरकायला लागली तशी त्यांना राहवेना. बूट काढले आणि लागले ओढायला! घामाने शर्ट चिंब, चेहऱ्यावर पोरासारखं हसू. वाटे घातले तेव्हा दाजींनी त्यांनाही बोट दाखवलं, "साहेब, ह्यो तुमचो." साहेबांनी हात जोडले. आम्हाला काही घेता येत नाही, नियम आहे, म्हणाले आणि जेवून निघाले.

त्यानंतर डिकीचं काय झालं ते मी फोन आला त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. विचारलं कसलं, दारातूनच ओरडले.

"दाजी! साहेबांच्या डिकीत बांगडे कोणी टाकले?"

दाजी पडवीत जाळं शिवत बसले होते. मानही वर केली नाही.

"टाकूक नाय. ठेवलंय. माडाच्या झावळात गुंडाळून नीट ठेवलंय."

"तुम्ही?"

"मगे कोण? तेंचो ड्रायवर जेवत होतो, चावी गाडयेकच होती."

"अहो, पण ते नको म्हणाले ना!"

"नको म्हणाले ता तेंच्या तोंडान. दोरयेक हात लावल्यानी ता सगळ्यांनी बघल्यानी." आता दाजींनी वर पाहिलं. "अगो बाये, वाटो काय माझ्या घरातलो होतो? तेंचो तेंका दिलंय. दुसऱ्याचो वाटो मी खय ठेवू? माझ्या घशाखाली उतरतलो?"

"त्यांच्याकडे त्याला लाच म्हणतात!"

"लाच?" दाजींना हा शब्दच कळेना. म्हणजे शब्द कळला, पण तो बांगड्यांना कसा लागू होतो ते कळेना. "लाच माणूस आपल्या पदरची देता. ह्या तर तेंच्या घामाचा."

भामाकाकी मागच्या दाराने आलीच होती. गावात भांडण असेल तिथे ती वाऱ्यासारखी पोचायची.

"आणि गाडयेक वास इलो तर येवंदे मेलो," ती म्हणाली. "म्हावऱ्याक म्हावऱ्याचोच वास येतलो. अत्तराचो येतलो काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. शिमगा तोंडावर आला होता, दारात आलेली लक्ष्मी डिकीतून परत गेली होती, आणि या दोघांना आपलं काही चुकलंय असं वाटतच नव्हतं.

मी जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी सबनीस साहेबांना फोन लावला आणि सरळ भांडायलाच उभी राहिले. दाजींनी सांगितलं ते सगळं सांगितलं, घामाचं, घशाखाली न उतरण्याचं. म्हटलं, "फाईल बंद करा, पण आमच्या माणसाला लाच देणारा म्हणू नका."

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरं सांगू? माझे हात दोन दिवस दुखत होते, आणि इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पण आमच्या साच्यात तुमचं हे बसत नाही. कोणाला दिलं, कोणाच्या नावावर, असं आम्हाला एक नाव लागतं. तुमचं सगळंच सगळ्यांचं."

"मग आम्ही जायचं कुठे?"

"अर्ज करताना हा प्रश्न आधी विचारायचा असतो," साहेब म्हणाले, पण टोचून नाही म्हणाले. "इचलकरंजीला एक पट्टणशेट्टी निधी आहे. छोटा आहे, जाहिरात करत नाहीत. एका गोष्टीलाच पैसे देतात, ज्याला मालक एक नाही अशा गोष्टीला. सामाईक विहीर, सामाईक खळं, असलं. आक्का म्हणून एक वयस्क बाई बघतात. त्यांना तुमचं ते महिला सक्षमीकरण पाठवू नका. जा आणि भेटा. आणि कृपा करून त्यांच्या गाडीत काही ठेवू नका."

मला इतका आनंद झाला की दुकानातल्या गिऱ्हाइकाला मी दोन प्रती फुकट काढून दिल्या. असं कोणी जगात होतं! ज्याला मालक एक नाही अशी गोष्ट! आणि मी आपली वर्षभर कासवं आणि लोककला करत बसले होते.

इचलकरंजीला मी भामाकाकीला घेऊन गेले. तिने पहिल्यांदाच घाट पाहिला आणि सगळ्या वळणांवर एस.टी.च्या ड्रायव्हरला सल्ले दिले. निधीची कचेरी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रमाग चालू, त्यांच्या खडखडाटाने टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. आक्का टेबलाशी बसल्या होत्या. सत्तरीच्या, सडपातळ, कपाळाला विभूती, इरकली नेसलेल्या. त्यांनी माझ्या हातातल्या फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बसा की. चहा घेणार न्हवं?" मग सरळ म्हणाल्या, "जाळं कुणाचं?"

मी सांगायला लागले. तुकड्यांचं, शिवण्याचं, वाट्यांचं. पहिल्यांदाच मला काही सजवून सांगावं लागत नव्हतं. मी बोलत होते आणि आक्का पुढे पुढे सरकत होत्या.

"आणि एखादं घर आजारपणात असलं, ओढायला कोणच आलं न्हाई, तर?"

"तेंच्या तुकड्याचो वाटो पडता," भामाकाकी म्हणाली. "जाळा तर तेंचा पाण्यात होता मां?"

आक्का हसल्या. "आमचे हे असते तर नाचले असते बघ. त्यांनी मागवाल्यांची सोसायटी काढली होती. बत्तीस वर्षं चालली." मग त्यांनी मान कलती केली. "दोरीला हात लावला की वाटा, व्हय?"

"हो."

"कुणीबी लावला तरी?"

"कोणीही."

"मी लावला तर?"

माझ्या डोळ्यांसमोर सबनीस साहेबांची डिकी उघडली. ही परीक्षाच आहे, मला वाटलं. बाई आम्हाला तपासताहेत. मी घाईघाईने म्हणाले, "छे छे! तुम्ही पाहुण्या. आम्ही निधीच्या माणसांना काही म्हणजे काही देत नाही. आमचा नियमच आहे तसा."

भामाकाकीने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी ती बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून विकणाऱ्याकडे टाकायची. मी टेबलाखाली तिचा पाय दाबला.

"असं?" आक्का म्हणाल्या. पुढे सरकलेल्या त्या पुन्हा खुर्चीला टेकून बसल्या. "बरं. येते मी बघायला."

मला वाटलं, पास झालो! परतीच्या एस.टी.त मी गाणं गुणगुणत होते. भामाकाकी आंबोलीचा घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. ती घाट बघत असेल असं मी समजले.

गावात आल्यावर मी सगळ्यांना देवळात जमवलं आणि कलेक्टरीण झाले. गावात तेच नाव पडलं होतं मला. आक्का येतील तेव्हा काय करायचं आणि काय नाही ते बजावून सांगितलं. त्यांना खुर्ची द्यायची, शहाळं द्यायचं, दोरीजवळ फिरकू द्यायचं नाही. आणि काही झालं तरी त्यांचा वाटा घालायचा नाही. शिवाय त्या लिंगायत, मासे खात नाहीत, समोर ढीग मांडला तर भलताच अपमान व्हायचा.

"आणि दोरयेक हात लावल्यानी तर?" दाजींनी विचारलं.

"तरी नाही. दाजी, शब्द द्या मला. नवीन जाळं हवंय ना? मग एक दिवस, फक्त एक दिवस, आपला नियम गुंडाळून ठेवा."

दाजींनी खांद्यावरचा पंचा झटकला. मग म्हणाले, "वाळूत तेंचो वाटो कोणाक दिसाचो नाय. झाला?"

"झालं!" मी म्हणाले.

आक्का आल्या त्या सकाळी समुद्र नुसता तेलासारखा होता. आठवडाभर मासळीचा पत्ता नव्हता, आणि माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. रिकामं जाळं बघून बाई काय म्हणतील? त्या गाडीतून उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि वाळूत चालू लागल्या. बरोबर त्यांचा ड्रायव्हर महादेव, मिशाळ, अवाढव्य माणूस. मी खुर्ची पुढे केली. शहाळं पुढे केलं. आक्कांनी शहाळं खुर्चीत ठेवलं.

तेवढ्यात दाजी उभे राहिले. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मला काहीच दिसत नव्हतं. पाण्याचा एक पट्टा जरासा काळपट, एवढंच.

"बांगडो!" दाजी ओरडले. "काढा होडी!"

मग काय विचारता! होडी लाटेवर चढली, चौघे वल्ही मारताहेत, दाजी मागे उभे, जाळं सळसळत पाण्यात उतरतंय. होडी वळसा घालून आली, दुसरं टोक किनाऱ्याला लागलं आणि दोन्ही दोऱ्यांवर माणसंच माणसं. मीही पदर खोचून घुसले. "हेऽऽ सा!" म्हणून एक हिसका, एक पाऊल मागे, पुन्हा हिसका. दोरी हाताला जाळते, पायाखालची वाळू सरकते, आणि तरी त्यासारखं सुख नाही. बाजूला बघते तर माझ्या आणि भामाकाकीच्या मध्ये आक्का!

"आक्का, तुम्ही नका!"

"गप ओढ!" आक्का म्हणाल्या.

दोन्ही रांगा जवळ जवळ येऊ लागल्या. आत पाणी उकळल्यासारखं झालं. चांदी नुसती! आणि अशा वेळी जाळं फाटलं. उजव्या अंगाला एक जुना तुकडा टरकन गेला आणि त्या भगदाडातून बांगडे बाहेर उसळायला लागले.

"धरा! धरा गो!" दाजी कमरेभर पाण्यात धावले. मागोमाग भामाकाकी, मी, जो तो. कोणी हाताने भोक आवळलं, कोणी लुंगी सोडून कोंबली. महादेव बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरला आणि त्याने आपली ती पाठ भगदाडाला लावली. बांगडे त्याच्या कानांवर आपटत होते आणि तो "आई गं, आई गं" करत हसत होता. किनाऱ्यावर दोरीला उरल्या होत्या म्हाताऱ्या बायका आणि आक्का. त्यांनी टाचा वाळूत रोवल्या आणि सोडलं नाही. निम्मी मासळी गेली. निम्मी आली, आणि ती निम्मीसुद्धा आम्ही त्या वर्षात पाहिलेली सगळ्यात मोठी रास होती.

सगळे वाळूत आडवे पडून हसत होते. मग दाजी उठले आणि वाटे घालायला लागले. होडीचा, जाळ्याचा, देवीचा. मग एकेकाचा. प्रत्येकजण आपल्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. महादेवालासुद्धा कोणी ढीग दाखवला नाही, कारण तो निधीचा माणूस. तो आपला मिशीतून पाणी निथळत उभा होता. आक्का त्याच्या शेजारी उभ्या होत्या. ओली इरकली, लालभडक झालेले तळवे, आणि समोर मोकळी वाळू.

"पोरी," त्या म्हणाल्या. "माझा वाटा कुठाय?"

मी हसले. "आक्का, तुम्ही तर खात नाही..."

"खाणं इचारलं न्हाई मी. वाटा इचारला."

मग मला सगळं सांगावं लागलं. डिकी, सबनीस साहेब, लाच, बंद झालेली फाईल. गाव ऐकत होता. मी म्हटलं, "म्हणून तुमच्यासाठी आम्ही नियम बाजूला ठेवला, आक्का. तुमच्यावर बोल येऊ नये म्हणून."

"माझ्यासाठी मोडलासा," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आमची सोसायटी कशानं बुडाली ठाऊक हाय? चोरीनं न्हाई. साहेब आले की साहेबांपुरता वेगळा नियम, पुढारी आले की पुढाऱ्यांपुरता. बत्तीस वर्षांचं काम असं पाहुण्यांपायी उसवलं. तुझ्या तोंडून त्या दिवशी वाट्याचं ऐकलं आणि मला वाटलं, कुठंतरी अजून हाय. आणि मी लावला तर, म्हणून इचारलं, तर तू न्हाई म्हणालीस." त्या थांबल्या. "आज माझ्यासाठी हे मोडलासा. उद्या माझे पैसे आले की त्याच्यासाठी काय काय मोडणार?"

मला तेव्हा कळलं की ही परीक्षा होतीच, फक्त मी उत्तर उलटं लिहिलं होतं. भामाकाकीकडे पाहवेना. शिमग्याला उणेपुरे दहा दिवस राहिले होते.

"बाये, वायच बाजूक हो," दाजी म्हणाले.

ते होडीकडे गेले. होडीच्या सावलीत दोन मोठ्या पाट्या पालथ्या घातलेल्या होत्या. वाटे घालताना मी त्या पाहिल्या होत्या आणि मला त्यात काही वाटलं नव्हतं, पाट्या पालथ्या असतातच. दाजींनी पहिली उचलली. खाली बांगड्यांचा ढीग. दुसरी उचलली. खाली तसाच ढीग.

"ह्यो तुमचो," ते आक्कांना म्हणाले. "आणि ह्यो तुमच्या मिशयेवाल्याचो. तेना पाठ लावल्यान नसती तर आज कोणाचोच वाटो नव्हतो. चेडवाक शब्द दिल्लय, वाळूत कोणाक दिसाचो नाय. म्हणान झाकून ठेवलंय. तुम्ही मागूक नसतात तरी तुमच्या गावाक आणून दिलंय असतंय. येष्टीन."

आक्का वाकल्या. आपला ढीग पाहिला, मग शेजारचा भामाकाकीचा पाहिला.

"पाहुणी म्हणून माझ्यात दोन जास्त तर घातलं न्हाईत?"

"नाय," दाजी म्हणाले. "कमीय नाय."

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की समुद्राचं होतं ते मला अजून ठरवता येत नाही. माझ्या डोळ्यांत मात्र आलं होतं, आणि मी ते पुसलंही नाही. त्यांनी दाजींना नमस्कार केला. मग त्या फाटलेल्या तुकड्याशी गेल्या, त्याची वीण बोटांनी चाचपली, सूत ओळखणाऱ्या बाईची ती बोटं होती.

"ह्यात काय राहिलं न्हाई आता," त्या म्हणाल्या. "नवीन कधी आणताय?"

"शिमग्याच्या आधी आणला तर..." दाजी म्हणू लागले.

"मग उद्याच जा की आणायला. थांबलाईसा कशाला?"

मग जो आरडाओरडा झाला तो मी कागदावर कसा उतरवू? भामाकाकीने मला धरून गरगरा फिरवलं आणि सगळ्या गावादेखत माझा कान पिरगाळला. "कलेक्टरीण मेली!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. पोरं ओल्या लुंग्या उडवत होती. दाजी होडीला टेकून उभे होते.

आक्का मात्र आपल्या ढिगापाशी बसल्या होत्या. जन्मात कधी मासळीला हात न लावलेली ती बाई एकेक बांगडा दोन बोटांच्या चिमटीत शेपटीला धरून, मान दुसरीकडे वळवून, पाटीत टाकत होती. मी मदतीला धावले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझा हाय."

पाटी भरली. त्यांनी एक बाजू धरली, एक मी धरली, आणि आम्ही वाळू तुडवत गाडीपर्यंत आलो.

"महादेवा," आक्का म्हणाल्या, "डिकी उघड रे."